तबकडीवरचं नाव

"त्याचं नाव या घरात पुन्हा काढलंस ना आल्बिना, तर माझ्याशी बोलायला येऊ नकोस!"

सॅन्टनने हातातले कोर्टाचे दोन्ही कागद चुलीपुढच्या पाटावर आपटले आणि तो तसाच तरातरा वाडीत निघून गेला. तव्यावरची भाकरी करपत होती. पण ती उलथायचं भान आल्बिनाला कुठलं राहणार! तिने पहिला कागद उचलला. वादी, फर्डिनंड लोपीस, राहणार गिरीज. प्रतिवादी, मुंबईची ती रेकॉर्ड कंपनी आणि सॅन्टन डाबरे, राहणार भुईगाव. दुसरा कागद तिच्याच नावाचा होता. साक्षीला हजर राहावं म्हणून...

सख्ख्या भावाने तिच्या नवऱ्यावर दावा लावला होता, आणि साक्ष द्यायची होती तिने!

"माउली, आता कुठे जाऊ गं मी..." ती पुटपुटली. साक्ष द्यायची म्हणजे काय सांगायचं? फर्डिनंड म्हणत होता, मी गाण्याचे हक्क कुणालाही विकलेले नाहीत. कशावरही सही केलेली नाही. सॅन्टन म्हणत होता, त्याने सही करून पैसे घेतले, असं कंपनीने मला तोंडावर सांगितलं. मी कुणाचं नाव खाल्लेलं नाही. गेली तीन वर्षं दोघं एकमेकांना खोटारडा म्हणत होते. आणि दोघंही अक्षर न् अक्षर खरं बोलत होते! हे साऱ्या जगात एकट्या आल्बिनाला ठाऊक होतं. आणि तेच तिच्या काळजात निखाऱ्यासारखं रुतून बसलं होतं.

एके काळी त्या दोघांना वेगळं ओळखायचं कुणी! सॅन्टनचं क्लॅरिनेट आणि फर्डिनंडचे शब्द. गिरीजपासून आगाशीपर्यंत कुठेही लग्न असलं, की मांडवात त्यांचा बँड हवाच. फर्डिनंड चर्चच्या शाळेत मास्तर. शाळा सुटली की सायकल दामटत तो भुईगावला यायचा, सॅन्टनच्या वाडीत विहिरीच्या काठावर दोघं बसायचे. हा एक ओळ म्हणायचा, तो ती क्लॅरिनेटवर उचलायचा, पुन्हा मोडायचा, पुन्हा जुळवायचा, आणि रहाटाचा बैल उभा राहिला तरी दोघांना पत्ता नसायचा! त्याच मैत्रीतून सॅन्टन एक दिवस गिरीजच्या घराचा जावई झाला. बेचाळीस साली आल्बिनाचं लग्न ठरलं, तेव्हा भावाने बहिणीसाठी गाणं लिहिलं आणि नवऱ्या मुलाने स्वतःच त्याला चाल लावली.

पाटाचं पाणी गं केळीत वळतं ठेवा,
लेक चालली सासरी, दार उघडं ठेवा...

त्या दिवशी मांडवात डोळे कोरडे राहिलेला माणूस शोधून सापडला नसता. बघता बघता ते गाणं सगळ्या वसईचं झालं. पुढे सहा वर्षांनी, मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस कुठल्याशा लग्नाला आला होता, त्याने ते ऐकलं, आणि दोघांचं नशीबच उघडलं असं सगळ्यांना वाटलं. गाणं तबकडीवर येणार! खपेल तशी दोघांना रॉयल्टी मिळणार! सॅन्टनने मुंबईला जाऊन चालीच्या करारावर सही केली, वादक जमवले, गाणं भरून दिलं. शब्दांच्या करारावर फर्डिनंडची सही तेवढी राहिली. तो त्या वर्षी ट्रेनिंगसाठी नाशिकला होता. "आमचा माणूस कागद घेऊन वसईला येईल," असं कंपनीने कळवलं. आणि सॅन्टन एका नाटक मंडळीबरोबर वाजवायला वऱ्हाडात निघून गेला.

तो कागद आला, त्या दिवशी हेलनला घटसर्प झाला होता...

पाच वर्षांची पोर. गळा सुजून श्वास घरघरत होता, ओठ निळे पडत चालले होते. डॉक्टर म्हणाले होते, "मुंबईहून लस आणावी लागेल. महाग आहे. पण उद्यापर्यंत आली नाही, तर मी काही करू शकणार नाही." घरात होतं नव्हतं ते आल्बिनाने गोळा केलं. हातातल्या बांगड्या सोनाराकडे नेल्या. त्याचं दुकान बंद, तो लेकीकडे गेलेला. दोन घरी हात पसरले, त्यांच्याकडेही नव्हते. आणि ती परत येते तो ओट्यावर कोट घातलेला एक गृहस्थ बसलेला. त्याच्या मांडीवर कागद होता आणि खिशात नोटा होत्या.

"फर्डिनंड लोपीस इथे आले आहेत का? गिरीजच्या घराला कुलूप आहे."

आल्बिनाची आई त्या वेळी नातीच्या उशाशी भुईगावलाच आली होती, म्हणून ते कुलूप. आल्बिना म्हणाली, "दादा नाशिकला आहे. पण पैसे... ते पैसे मला आज द्याल का हो? माझी पोर..."

"सहीशिवाय पैसे देता येत नाहीत, बाई."

"मग कागद माझ्याकडे ठेवून जा. मी सही आणवते."

तो उठला. कागद तिच्या हातात देत म्हणाला, "मी समोर चर्चपर्यंत जाऊन येतो. तोवर सही झालेली असली, तर कुणी केली ते मी विचारणार नाही. नुसती पोचपावती तर आहे."

कागद इंग्रजीत होता. आल्बिनाला मराठी अक्षरांपुढे वाचता येत नव्हतं. आतल्या खोलीतून हेलनच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. दादा असता तर त्याने क्षणाचाही विचार केला असता का? पोचपावतीच तर आहे! तो आला की सांगू, पायावर डोकं ठेवू... तिने दौत ओढली आणि कागदावर भावाचं नाव लिहिलं.

हेलन वाचली! तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली, तेव्हा आल्बिना देवघरातल्या क्रूसापुढे हमसून हमसून रडली. लशीचे पैसे उसने आणले, असंच तिने आईला आणि सॅन्टनला सांगितलं होतं. पण वर्षभराने तबकडी गावात आली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तबकडीवर मधोमध छापलं होतं, 'सॅन्टन डाबरे'. दुसरं नावच नव्हतं! ती पोचपावती नव्हतीच. शब्दांवरचा सगळा हक्क, नावासकट, एकरकमी देऊन टाकल्याचा तो कागद होता.

त्या रात्रीच तिने सांगायला हवं होतं. पण सॅन्टन आणि फर्डिनंड यांचं भांडण तिच्या देखत, तिच्याच अंगणात इतकं विकोपाला गेलं, की तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही.

"माझ्या बहिणीसाठी लिहिलेलं गाणं तू स्वतःच्या नावावर खपवलंस? चोर आहेस तू, सॅन्टन!"

"पैसे घेऊन सही करताना बहीण नाही आठवली? आता रॉयल्टी दिसली, म्हणून उलटलास!"

फर्डिनंड गेला तो गेलाच. बँड मोडला. आणि आल्बिना? आज सांगीन, उद्या सांगीन करत राहिली. एकदा वसईच्या बाजारात कंपनीचा तोच माणूस भेटला, तेव्हा धीर करून तिने त्याला गाठलं. तो हसून म्हणाला, "गप्प राहा, बाई. दुसऱ्याच्या नावाने सही केली तर तुरुंग होतो." तुरुंग! मग हेलनकडे कोण पाहील? लाज, भीती, पोरीची माया... एकेका दिवसाने तिच्या ओठांवर एकेक टाका घातला. चर्चमध्ये कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, बसून तिने फादरांना सांगितलं, तेव्हा जाळीपलीकडून ते एवढंच म्हणाले, "मुली, देव क्षमा करील. पण ज्यांचं तू नुकसान केलंस, त्यांना तुलाच सांगावं लागेल." तीही गोष्ट तिने पुढेच ढकलली.

पण समन्स आलं त्याच महिन्यात आईने अंथरूण धरलं, आणि आल्बिनाला सुटकाच उरली नाही.

गिरीजच्या त्या घरात म्हातारी खाटेवर पडून होती. सकाळी फर्डिनंड औषध द्यायचा. दुपारी तो शाळेत गेला, की सॅन्टन सासूची खबर घेऊन जायचा. दोघं दारातही समोरासमोर येत नसत. शेवटच्या दुपारी म्हातारीने लेकीचा हात आपल्या हातात घेतला. तो हात नुसता हाडांचा उरला होता.

"बाय, एक विचारू? खरं सांगशील?"

"सांगेन, आई."

"माझा फर्डिनंड... खोटा आहे का गं? लोक म्हणतात, त्याने पैसे खाल्ले आणि आता कोर्टात खोटं सांगतो. मी त्याला कधी खोटं बोलायला शिकवलं नाही, बाय! मग हे कसं झालं? का तुझा नवरा खोटा? कुणीतरी एक असणारच ना!"

आल्बिनाचा जीव कासावीस झाला. सांग! आता तरी सांग! दोघांतलं कुणीच खोटं नाही, आई, खोटी मी आहे! शब्द अगदी ओठांवर आले... पण त्या विझत चाललेल्या डोळ्यांकडे पाहून तिला धीर होईना. हे ऐकून आईचा प्राण कुठल्या यातनेत जाईल? ती नुसतीच आईच्या छातीवर डोकं टेकून रडत राहिली. म्हातारीने आढ्याकडे पाहत एक सुस्कारा सोडला.

"म्हणजे माझाच लेक खोटा. तू बोलत नाहीस, म्हणजे तेच..."

दिवेलागणीला तिचा श्वास थांबला. निरपराध मुलाला खोटा समजून त्याची आई गेली! शवपेटीला एका बाजूने फर्डिनंडने खांदा दिला, दुसऱ्या बाजूने सॅन्टनने, आणि सबंध वाटेत दोघांनी एकदाही एकमेकांकडे पाहिलं नाही. मागून चालणारी आल्बिना मनाशी एकच घोकत होती, आता कोर्टात... कोर्टातच सांगीन. नवरा टाको, भाऊ तोंड न पाहो, तुरुंगात घालोत... आई गं, तुला नाही सांगितलं, पण साऱ्या जगासमोर सांगीन!

वसईच्या कोर्टात त्या दिवशी दोन्ही गावांतली माणसं जमली होती. आल्बिना तांबडं लुगडं नेसून बाहेरच्या बाकावर बसली होती. दरवाजा सताड उघडा असल्यामुळे आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. आधी फर्डिनंडची जबानी होती. बायबलवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. किती वाळला होता तो! केस तेवढ्यात पांढरे झाले होते.

त्याचे वकील दिनानाथराव उठले. कंपनीने तो मूळ कागद त्या दिवशी पहिल्यांदाच हजर केला होता. दिनानाथरावांनी तो मोठ्या विश्वासाने त्याच्यापुढे धरला.

"मास्तर, या कागदावर तुमच्या नावाची सही आहे. नीट पाहा, आणि कोर्टाला सांगा, ही सही तुमची आहे का?"

फर्डिनंडने चष्मा सारखा केला. कागदाकडे पाहिलं... आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

नावातला रफार चुकला होता. 'डि'वर द्यायचा, तो आधीच्या 'फ'वर दिला होता. लहानपणी याच चुकीसाठी त्याने कितीदा तिच्या हातावर हलकी चापट मारली होती! पाटी मांडीवर घेऊन ती रडायची, "दादा, मला तुझंच नाव लिहायला येत नाही!" आणि तो हसून म्हणायचा, "नाही आलं तरी चालेल."

त्याने मान वर केली. उघड्या दारातून बाकावरची आल्बिना त्याला दिसली. भावाबहिणीची नजरानजर झाली, आणि तिला कळलं, याला समजलं! ती झटकन उठून उभी राहिली, हात जोडले, मान हलवली. सांग दादा, सांग, ही सही माझी नाही म्हणून! मी तयार आहे!

"मास्तर, उत्तर द्या," दिनानाथराव म्हणाले.

"ही सही..." त्याने एकदा बायबलकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. "ही सही माझीच आहे."

कोर्टात एकदम कुजबुज उठली. दिनानाथरावांच्या हातातला कागद खाली पडायचा राहिला. "मास्तर! काय बोलता हे? दाव्यात तर तुम्ही..."

"माझीच आहे. मी विसरलो होतो. दावा काढून घेतो मी. आता कुणाचीही साक्ष नको."

"दादा!" बाहेरून किंकाळी आली. पट्टेवाल्याने आल्बिनाला दाराशीच अडवलं. न्यायाधीशांनी वर पाहून विचारलं, "कोण त्या बाई?" आणि फर्डिनंड हात जोडून म्हणाला, "माझी बहीण आहे, साहेब. आमची आई आत्ताच गेलीय. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका."

दावा खर्चासकट निकालात निघाला.

आवारात चिंचेच्या झाडाखाली फर्डिनंड एकटाच उभा होता. गिरीजची माणसं त्याच्या शेजारून मान फिरवून जात होती. तेवढ्यात सॅन्टन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो त्याच्याशी बोलला, आणि शब्द आसुडासारखे आले.

"विसरला होतास? तीन वर्षं मला गावभर चोर म्हणवलंस, बँड मोडलास, तुझी आई तुझी लाज वाटून मेली... आणि तू म्हणे विसरला होतास! थुंकतो मी तुझ्या..."

"थांबा!" आल्बिना धावत येऊन दोघांच्या मधे उभी राहिली. आज तिला कुणी थांबवू शकणार नव्हतं. "त्याला बोलू नका... ती सही माझी आहे!"

"बाय, हळू!" फर्डिनंडने घाबरून चहूकडे पाहिलं.

"माझी आहे, अहो! हेलनला घटसर्प झाला होता. तुम्ही वऱ्हाडात होतात. पैशाशिवाय लस येत नव्हती... मी दादाचं नाव लिहिलं. मला काय ठाऊक, ते त्याचं गाणंच लिहून घेताहेत! तुम्ही दोघंही खरे होतात. खोटी मी एकटी! आईलासुद्धा मी सांगितलं नाही हो... आईलासुद्धा नाही..."

ती जमिनीवर कोसळली. सॅन्टनने फर्डिनंडकडे पाहिलं. "तुला... आत कळलं हे?"

"कागद पाहिला तेव्हा."

"आणि तरी बायबलवर हात ठेवून..."

"मग काय करू, सॅन्टन? तिला फौजदारीत देऊ? ते गाणं तिच्यासाठीच तर लिहिलं होतं मी. तिच्या पोरीला वाचवायला गेलं, तर कुठे परक्याकडे गेलं!" तो खाली वाकला आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाय, उठ. आता कोर्टात जाऊन काही सांगायचं नाही. मी केवढं पाप करून आलोय, ते फुकट घालवू नकोस."

"दादा, खोटं बोलायच्या आधी मला एकदा विचारलं असतंस तर..."

"तू विचारलं असतंस ना, तर मी नाशिकहून सगळी गाणी पाठवली असती," तो म्हणाला, आणि त्याचाही बांध फुटला. "पण आईला... आईला एकदा सांगायला हवं होतंस गं!"

ते एक वाक्य आल्बिनाचं काळीज चिरत गेलं. भावाने तिला सगळं माफ केलं होतं. तेवढं एक नाही. आणि ते मागायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला त्याच क्षणी उमगलं.

सॅन्टन निघून गेला. चार दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही, नीट जेवला नाही. चौथ्या दिवशी कळलं, की शाळेने फर्डिनंड मास्तरांना काढून टाकलं. शपथेचं भान नसलेला माणूस मुलांपुढे नको, असं तिथल्या मंडळींचं म्हणणं पडलं. ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सॅन्टन कोट चढवून पहाटेच मुंबईला गेला. आल्बिनाला वाटलं, हा आता परत येणार नाही. दिवसभर ती ओट्यावर हेलनला पोटाशी धरून बसून राहिली.

तो संध्याकाळी आला, पण घरी नाही. ओट्यापुढून सरळ गिरीजला गेला. मागोमाग धावत गेलेली आल्बिना दाराबाहेरच थबकली. आत सॅन्टन फर्डिनंडच्या समोर जमिनीवर बसला होता.

"कंपनीवाल्यांना म्हटलं, तबकडीवर त्याचं नाव घाला. माझे पैसे कापा, अर्धे कापा, सगळे कापा, पण नाव घाला. ते म्हणाले, त्यानेच कोर्टात सांगितलंय, आता काही होत नाही. मी पुष्कळ पाया पडलो, फर्डिनंड... नाही म्हणाले."

"जाऊ दे रे."

"मग मी म्हटलं, माझंही काढा. तसं लिहूनच देऊन आलो. ते काय, खुशीने कबूल झाले. त्यांची रॉयल्टी वाचली." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "तुझ्यावाचून माझं नाव त्याच्यावर मला बघवत नाही रे... आल्बिनाने एकदा केलं, ते पोरीसाठी. मी तीन वर्षं केलं, ते गर्वासाठी. मला एकदा तरी तुझ्यावर विश्वास ठेवता आला नाही!"

फर्डिनंडने त्याला उठवून मिठीत घेतलं. दारातली आल्बिना तिथेच उंबऱ्यावर बसली. आत यायची तिची हिंमत होत नव्हती. थोड्या वेळाने सॅन्टन बाहेर आला, तिच्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"चल," तो एवढंच म्हणाला. मग दोन पावलं गेल्यावर थांबून म्हणाला, "मला का नाही सांगितलंस, ते विचारणार नाही. मी ऐकण्यासारखा राहिलो नव्हतो."

मास्तरांना पुन्हा शाळा मिळाली नाही. सॅन्टनच्या वाडीत ते पानवेली बघू लागले, केळी वाळवून सुकेळी भरून बाजारात धाडू लागले. गाणी त्यांनी पुन्हा लिहिली नाहीत. सॅन्टनने एकदोनदा नव्या चाली वाजवून दाखवल्या. ते मान डोलवायचे, पण शब्द येत नसत. गावात अजूनही काही लोक त्यांच्या माघारी म्हणत, हाच तो, गाणं विकून पुन्हा कोर्टात गेलेला. ते ऐकलं, की आल्बिनाचा जीव तीळतीळ तुटायचा. ती ओरडून सांगायला धावायची, आणि प्रत्येक वेळी भावाची नजर तिला थोपवायची.

दीडेक वर्षाने निर्मळला एक लग्न होतं. सॅन्टन, आल्बिना, हेलन आणि मास्तर, चौघंही गेली होती. मांडवात फोनो लावला होता. कुणीतरी नवी तबकडी चढवली, आणि गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीलाच सगळ्या बायका बरोबरीने गाऊ लागल्या. एका तरुण पोराने आधीच तबकडी हातात घेऊन पाहिली होती, तो म्हणाला, "यावर कुणाचं नावच नाही. नुसतं 'लोकगीत' लिहिलंय."

"असणार कसं?" शेजारची एक म्हातारी ठसक्यात म्हणाली. "फार जुनं गाणं आहे ते. माझी आजी दळताना म्हणायची!"

सॅन्टनने चमकून फर्डिनंडकडे पाहिलं. फर्डिनंड मास्तर क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. "खरं आहे, मावशी," ते गंभीरपणे म्हणाले. "मीही माझ्या आजीकडूनच ऐकलंय." आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच ते दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

आल्बिनाने पदर तोंडात कोंबला. तिला हुंदके आवरेनात. मांडवातल्या बायका तिच्याकडे कौतुकाने पाहू लागल्या. त्यांना वाटलं, हिला हिचं लग्न आठवलं असेल.